फायबरमधली काच

काच म्हटली की ठिसूळ, ही समजूत इतकी मुरली आहे की नाजूक नात्यालाही आपण काचेचीच उपमा देतो. खिडकीच्या तावदानापुरती ती खरी आहे. पण काच सहज फुटते ती मुख्यतः पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांमुळे. ताण दिला की सगळा जोर चिरेच्या टोकाशी एकवटतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२० मध्ये हे मांडलं. त्याच्या प्रयोगांत १ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तुलनेत सुमारे ३ मायक्रॉनचा ताजा धागा, जाडीच्या हिशेबात, जवळपास २० पट ताण सोसत होता. इतक्या बारीक धाग्यात मोठी चीर मावतच नाही!

‘फायबरची होडी म्हणजे प्लास्टिकची’ हेही अर्धंच खरं. कोकणातल्या होड्यांसाठी साच्यावर काचतंतूंची पांढरी मॅट अंथरतात, तिला ब्रशनं रेझिन पाजतात आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. रेझिन मुरलं की मॅटचा पांढरेपणा जातो आणि तंतू दिसेनासे होतात, कारण दोन्ही पदार्थांत प्रकाश जवळपास सारखाच वळतो. काच दिसत नाही म्हणून आपण तिला विसरतो. लाटांचा ताण मात्र मुख्यतः तीच झेलते.

काचेचं कापड ही काही आजची नवलाई नव्हे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात काचतंतू आणि रेशमाचा पोशाख झळकला होता. तो नेसून वावरणं अवघडच होतं, कारण करकरीत घडी पडली की काचतंतू तुटतात.

ग्लासवूलला, म्हणजे काचतंतूंच्या लोकरीला, घातक ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसवणंही बरोबर नाही. ॲस्बेस्टॉस उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतो, काचतंतू आडवा तुटतो. तरी अंगाला खाज सुटतेच. हातमोजे आणि मास्क हवेतच.

राहिलं इंटरनेट. ते उपग्रहातून येतं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात खंडाखंडांमधली बहुतेक वाहतूक समुद्राखालच्या केबलमधून होते. त्यांतल्या काही मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. आत १२५ मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा असतो. त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. त्याला आत कोंडायला आरसा लागत नाही. गाभ्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचं वेष्टन पुरतं. भट्टीतून धागा ओढला जात असताना, कशाचाही स्पर्श होण्याआधीच त्यावर प्लास्टिकचा लेप चढवतात, म्हणजे ग्रिफिथनं सांगितलेली चीर पडायला वावच राहत नाही.