गडकरींच्या कविता ‘गडकरी’ शोधून का सापडत नाहीत?

नरखेडचा एखादा विद्यार्थी मोबाईलवर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘राम गणेश गडकरी’ शोधतो. नाटकं सापडतात, पण कविता दिसतीलच असं नाही. असं का होतं?

गडकरींनी कविता ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावानं लिहिले. १९१९ साली नागपूर जिल्ह्यातल्याच सावनेरला त्यांचं निधन झालं. माणूस एकच, पण संगणकाला तीन लेखक वाटतात.

उपाय सोपा आहे. एक नाव मुख्य धरायचं आणि बाकीची पुसून न टाकता त्याला जोडायची. मग कुठलंही नाव टाका, सगळी पुस्तकं समोर येतात.

मात्र नुसतं नाव जुळलं म्हणून नोंदी एकत्र केल्या, तर एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जातं. म्हणून नावापुढे जन्म-मृत्यूची सालंही लिहितात: गडकरी, राम गणेश, १८८५-१९१९.