लॅक्स्टनची तीन शिवारं

नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावाची माती जड, चिकण. घरं सगळी गावठाणात, रस्त्याच्या कडेने. शेतात वस्ती करायची पद्धत नाही. गावाबाहेर कुंपण नसलेली तीन मोठी शिवारं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. शेतकऱ्यांचे पट्टे त्यांत विखुरलेले. एका शिवारात हिवाळ्याआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. दर वर्षी हा क्रम फिरतो.

मध्ययुगात मध्य इंग्लंडभर अशीच शेती होती. पुढे संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून सामाईक जमिनींना कुंपणं घातली आणि ही पद्धत मोडली. इथल्या मोठ्या जमीनदारांचं एकमत होईना, म्हणून लॅक्स्टनची शिवारं मोकळी राहिली. मार्क पिअर्सने १६३५मध्ये काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टा न् पट्टा आखलेला आहे, शिवाय नांगरणारी माणसंही रंगवली आहेत.

बांध कोरण्यावरून भाऊबंदकी कशी पेटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. लॅक्स्टनमध्ये तर पट्ट्यांमध्ये बांधच नाही, नुसती नांगराची सरी. मग हद्द राखायची कुणी? गावातल्याच शेतकऱ्यांनी. नोव्हेंबरअखेर पंच मंडळी गव्हाचं शिवार पायी तुडवतात. कुणाचा नांगर रस्त्यावर किंवा सखल भागातल्या गवताच्या राखीव पट्टीवर चढलाय का, हे पाहतात; खुंट ठोकून हद्द पक्की करतात. पुढच्याच आठवड्यात ‘कोर्ट लीट’ ही गावसभा बसते. अतिक्रमण करणाऱ्याला तिथे दंड होतो, आणि पुढच्या वर्षीचे पंचही तिथेच नेमले जातात. इंग्लंडात इतरत्र अशा सभा उरल्या असतील तर बहुतेक समारंभापुरत्या. शेतीचा कारभार चालवणारी हीच.

नांगरटीबाहेर राहिलेल्या त्या गवतपट्ट्यांत आज रानफुलं टिकून आहेत, आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

शेतकऱ्यांचे पट्टे मात्र पूर्वीइतके अरुंद राहिलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच एकत्र केले गेले. मला त्यात काही गैर वाटत नाही. हे जिवंत गाव आहे, इथल्या माणसांना पीक काढून पोट भरायचं असतं. जमिनीची मालकीही बदलत गेली. जमीनदार अर्ल मॅनव्हर्सकडून १९५२मध्ये ती सरकारच्या कृषी मंत्रालयाने विकत घेतली, १९८१मध्ये क्राउन इस्टेटकडे आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेली. प्रत्येक विक्रीच्या वेळी सगळं मोडीत निघू शकलं असतं. पंचांची शिवारफेरी मात्र आजही होते.