नवी कोरी, पण अजून अर्धीच
४० फुटी ‘नॉर्डहॅव्हन’ मोटर यॉटने २००१-०२मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. या ब्रँडच्या अनेक बोटी तैवान-चीनमध्ये बांधल्या जातात आणि अनेकदा मालवाहू जहाजावर बसून अमेरिकेला पोचतात. म्हणजे पहिला समुद्रप्रवास पाहुणीसारखा!

खरी तयारी त्यानंतर. तळाला शेवाळ-शिंपले रोखणारा रंग, रडार, होकायंत्राची तपासणी, संकटात ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक देणाऱ्या ‘ईपर्ब’ यंत्राची नोंदणी. सगळ्यात फसवं मात्र डिझेल. नव्या टाकीत बांधकामाचा कचरा राहिलेला असू शकतो. बंदरात तो तळाशी गप्प बसतो. लाटांवर बोट डोलू लागली की वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून टाक्या आधी उघडून पुसायच्या, जादा फिल्टर जवळ ठेवायचे. शांत खाडीत घेतलेली चाचणी, आमच्या मते, चाचणीच नव्हे.