मार्लवाईने गमावलेला गुस्साडीचा गुरू

दिवाळी अवघ्या काही दिवसांवर आलेली असताना, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, पद्मश्री कनकराजू यांचे मार्लवाई या गावी निधन झाले आणि गोंड समाजाने आपला सर्वांत नावाजलेला लोककलावंत गमावला. मार्लवाई हे गाव २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. तथापि जुन्या जिल्ह्याच्या चारही भागांतील गोंडांच्या दृष्टीने हे दुःख एकाच घरातले होते. तेलंगणा शासनाने त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले, आणि ते सर्वथा उचितच होते.

या मृत्यूची वेळ मात्र फार जिव्हारी लागणारी होती. दंडारी हा दिवाळीच्या सुमारास गोंड पुरुषांनी वाद्यांसह गावोगाव नाचत जाण्याचा उत्सव असून, त्यात मोरपिसांचा भव्य टोप घालणाऱ्या, अंगाला राख फासणाऱ्या आणि खांद्यावर कातडे टाकणाऱ्या नर्तकाला गुस्साडी म्हणतात. त्या दिवसांत त्याच्या ठायी देवत्व असते अशी श्रद्धा असल्याने उत्सव संपेपर्यंत तो स्नान करीत नाही. शिवाय एका गावची दंडारी दुसऱ्या गावी मुक्कामाला गेली की गाणे-नाचाबरोबर सोयरिकीही जुळतात. कनकराजूंनी हे नृत्य १९८२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यासाठी दिल्लीला नेले, पुढे तरुणांच्या पिढ्यांना त्याचे ताल आणि पावले शिकविली, आणि २०२१ चा पद्मश्री त्यांना याच कार्यासाठी मिळाला. ज्या आठवड्यात शिष्यांनी घुंगरू बांधायचे, त्याच आठवड्यात गुरू गेला. २०२४ च्याच जून महिन्यात कोया समाजाचे वीरगाथा गाणारे पद्मश्री सकिनी रामचंद्रय्याही निवर्तले होते.

गोंडांमध्ये शोक हा केवळ आप्तांनी आसवे गाळण्याचा विषय नसून त्याला गायकाची गरज लागते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. हा गायक म्हणजे परधान, अर्थात गोंड कुळांचा वंशपरंपरागत भाट. घोड्याच्या केसांच्या तारा लावलेली किकरी गजाने वाजवीत तो कुळाची उत्पत्ती, देवांच्या कथा आणि पूर्वजांचे पराक्रम सांगतो. यजमानाच्या घरच्या मृत्युविधीत त्याला मानाचे स्थान असते आणि मृताची वस्त्रे परंपरेने त्याच्याकडे जातात. मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी बाब ही, की आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी असून गाथा मात्र ते गोंडीत गातात. १९४० नंतरच्या दशकात मार्लवाईत राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी या भाटांवर स्वतंत्र लेखन केले. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली वारल्या, त्यांची समाधी याच गावात आहे आणि तेथे त्यांची पुण्यतिथी पाळली जाते; परक्या मुलुखातून आलेल्या बाईलाही या गावाने आपल्या मृतांमध्ये सामावून घेतले, यातच त्याच्या शोकाची रीत दिसते.

मृतांचे असे स्मरण गोंडांच्या मेश्राम कुळात सार्वजनिक रूप घेते. केसलापूर येथे पौष अमावास्येला भरणाऱ्या नागोबा जत्रेपूर्वी, आधीच्या काळात दिवंगत झालेल्या कुळबंधूंसाठी ‘तूम’ नावाचा विधी केला जातो, त्यानंतरच हे कूळ गोदावरीच्या पाण्याने देवाची पूजा करते, आणि या साऱ्या सोहळ्याला परधानांच्या वाद्यांची साथ असते.

कनकराजूंच्या निमित्ताने गुस्साडीकडे देशाचे लक्ष गेले, पण परधानाच्या वाट्याला एवढी ओळख आलेली नाही, आणि त्याचे कारण केवळ सरकारी उदासीनता नाही. परधानाचा निर्वाह यजमानाने दिलेल्या धान्यावर, गुरांवर आणि वस्त्रांवर चालत असे. बाहेरून आलेल्या वसाहतकारांनी गोंडांच्या जमिनी बळकावल्या, तसतशी यजमानाचीच कोठारे रिकामी झाली आणि भाटाला देण्याजोगे फारसे उरले नाही. म्हणून किकरी शिकणाऱ्या मुलाला मानधन देण्याचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून तोडून सोडविता येणार नाही.