सहल रविवारी, भरती तिथीप्रमाणे

मुंबई-पुण्याच्या माणसाची एका दिवसाची किनाऱ्यावरची सहल बहुधा ठरल्या वेळापत्रकाने चालते. पहाटे निघायचे, वाटेत चहा-वडापाव, अकराच्या सुमारास समुद्र, दीड-दोनला मासळीचे ताट, मग तीन ते पाच पुन्हा पाण्यात आणि रात्री उशिरा घरी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग, नागाव, काशीद ही गावे मुंबईकरांना आणखी जवळ आली. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या शरीराला वाळूतली चाल, मोकळी हवा आणि घरच्यांची सोबत मिळत असेल तर त्यासाठी वेगळे औषध लिहून द्यावे लागत नाही.

अडचण एकच आहे. आपले वेळापत्रक सुट्टीप्रमाणे ठरते आणि समुद्राचे चंद्राप्रमाणे. ही दोन वेळापत्रके एकमेकांना न विचारता एकाच किनाऱ्यावर भेटतात आणि रविवारी संध्याकाळी त्याचे परिणाम शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस म्हणून जाहीर केला, तो याच कारणाने.

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा धरले की सव्वाअकरा. प्रत्यक्षात वेळ तासभर पुढेमागे होते, पण अंदाज घ्यायला हा हिशेब पुरतो. एका भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. म्हणूनच भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी ज्या वेळी पाणी दूर होते, त्या वेळी या रविवारी ते अंगावर असू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत किंवा उतरत नाही. पहिल्या तासात थोडे, मग जास्त आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे. आता आपले वेळापत्रक यावर ठेवून पाहा. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. जेवून तीनला आपण पाण्यात उतरतो तेव्हा ओहोटीचा वेग सर्वांत जास्त असतो आणि पाणी आत, समुद्राकडे चाललेले असते. अष्टमीच्या रविवारी उलट. बाराला ओहोटी असते, खडक उघडे पडलेले असतात, माणसे दूरवर चालत जातात आणि तीनच्या सुमारास पाणी सर्वांत वेगाने परत येत असते. म्हणजे दोन्ही दिवशी दुपारी तीनची वेळ, जी आपल्याला निवांत वाटते, तीच जपण्याची.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचे रोजचे उदाहरण. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला किल्ल्याभोवती पाणी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप खाली जाते आणि तितकेच वर चढते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती लहान असते, पण ओहोटीही पुरती होत नाही. त्यामुळे 'ओहोटी आहे' एवढे पुरेसे नसते. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर निघावे, ती होण्याच्या सुमारास परतीला लागावे आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. घोडागाडीवाला 'आता नको' म्हणाला तर त्याचा शब्द शेवटचा मानावा.

शांत दिसणारे पाणी

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी कुठून तरी परत जाणारच. कित्येकदा ते एका अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे वळते. वरून पाहिले तर दोन्ही बाजूंना फेसाळणाऱ्या लाटा आणि मध्ये एक सपाट, गढूळ, शांत पट्टा दिसतो. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो, कारण तिथे लाटा नसतात. या परतीच्या प्रवाहाचा वेग काही वेळा सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगाविरुद्ध उत्तम पोहणाराही टिकत नाही. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत ओढून नेतो. माणूस मरतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दमून. म्हणून अडकलात तर ताकद वाचवा, पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर परत या.

पावसाळा सोडला की समुद्र निर्धोक असतो, असे मानणारे अनेक आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पुण्यातल्या महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेव्हा थंडीचे दिवस होते.

पावसाळ्यातल्या धबधब्यांचे गणित वेगळे, पण चूक तीच: समोरचे पाणी पाहायचे आणि येणारे विसरायचे. पाऊस वरच्या डोंगरावर पडतो, खाली ऊन असते आणि काही मिनिटांत ओढा फुगतो. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज बदलला, की सामान उचलायला न थांबता बाजूच्या उंचवट्यावर जावे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभे राहणे म्हणजे सुटका नव्हे. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडू शकते.

बुडणारा ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. खऱ्या आयुष्यात हे क्वचित घडते. तोंड पाण्याच्या वर येते ते क्षणभर, तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर करता येत नाहीत. शरीर उभे, डोके मागे, डोळे हरवलेले आणि आवाज नाही. हे सारे बहुतेकदा मिनिटभरात संपते, लहान मुलात त्याहून लवकर. रुग्णालयात आणलेल्या मुलांच्या आई-वडिलांकडून मी वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकत आलो आहे: 'आत्ता इथेच तर होता.' ते खरेच सांगत असतात. मूल जवळच असते, फक्त त्याचा आवाज आलेला नसतो.

म्हणून दहा वर्षांखालचे मूल पाण्यात असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. बारा जणांच्या गटात 'सगळे लक्ष ठेवून आहेत' याचा अर्थ बहुधा कोणीच ठेवून नाही असा होतो. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा. पाळीवरच्या माणसाने फोन खिशात ठेवायचा. जेवून लगेच पाण्यात उतरू नये, याची आपल्याकडे मोठी धास्ती असते. त्याहून कितीतरी मोठा धोका जेवणाबरोबर घेतलेल्या बिअरचा आहे. दारूने तोल जातो, अंदाज चुकतो आणि भीती कमी होते. समुद्रात भीतीची गरज असते.

कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी घेऊ नये. एकामागोमाग एक नातेवाईक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या यातूनच घडतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरून खाली दाबतो. आधी तरंगणारे काहीतरी फेका: बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, थर्मोकोलची पेटी. दोरी, ओढणी, साडी, लांब फांदी चालते. एकाने जीवरक्षकाला हाक मारायची, दुसऱ्याने फोन करायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीसाठी ११२, समुद्रातल्या सुटकेसाठी तटरक्षक दलाचा १५५४.

पहिली चार मिनिटे

प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. किनाऱ्यापासून रुग्णालय तेवढ्या अंतरावर कुठेच नसते. त्यामुळे या आजारात पहिला उपचार डॉक्टर करत नाही, शेजारी उभा असलेला माणूस करतो.

बाहेर काढलेल्याला घट्ट वाळूवर उताणे झोपवा. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नसेल आणि नीट श्वास चालत नसेल तर थांबू नका. कपाळ मागे, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून छाती वर उचलली जाईल असे दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबा. प्रौढांत पाच ते सहा सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा तो स्वतः श्वास घेऊ लागेपर्यंत हे चालू ठेवा. हृदयविकाराने अचानक कोसळलेल्या माणसाला नुसती छाती दाबूनही मदत होते. बुडालेल्याचे हृदय मात्र हवेअभावी थांबलेले असते, म्हणून त्याला श्वास देणे टाळू नये.

पोट दाबून पाणी काढणे, पालथे घालणे, पाय धरून उलटे गरगर फिरवणे हे प्रकार आजही किनाऱ्यावर होतात. पोट दाबल्याने फुप्फुसातले पाणी निघत नाही. पोटातले पाणी आणि दुपारचे जेवण वर येते, श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. उलटी झालीच तर कुशीवर वळवून तोंड साफ करा. श्वास चालू असेल, पण शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवून ठेवा, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घाला.

आणि शुद्धीवर आलेल्या माणसाला 'बरा आहे आता' म्हणून गाडीत बसवून थेट घरी नेऊ नका. फुप्फुसात गेलेल्या थोड्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. सतत खोकला, धाप, छातीत घरघर, गुंगी ही त्याची चिन्हे. पाण्यात गटांगळ्या खाल्लेल्या आणि ज्याला मदत करून बाहेर काढावे लागले अशा प्रत्येकाला जवळच्या रुग्णालयात दाखवावे आणि डॉक्टर सांगतील तेवढे तास तिथे थांबावे. परतीची बोट चुकली तरी चालेल.

जाण्यापूर्वी

सहलीचा दिवस ठरला की हॉटेल पाहण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी पाहा आणि पाऊणपट करून तासांचा अंदाज घ्या. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात. मोठ्या लाटांचे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते. त्याप्रमाणे जेवणाची वेळ मागेपुढे करा. पाणी वेगाने चढते-उतरते त्या दोन तासांत ताट समोर असू द्या. पिशवीत दोरीचे एक वेटोळे, बुचाचा रिकामा कॅन, शिट्टी, माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी आणि मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा. जीवरक्षक असलेला किनारा निवडा आणि लाल बावटा दिसला तर पाय भिजवण्यावर समाधान माना. गटातल्या निदान दोघांनी एखाद्या सुट्टीच्या सकाळी छाती दाबण्याचे आणि श्वास देण्याचे प्रशिक्षण प्रत्यक्ष पुतळ्यावर घ्यावे. वाचून समजते, पण हातात बसायला सराव लागतो.