शून्याने भागाकार, √२ + √८ आणि पाटणचे भास्कराचार्य

सेट-नेट किंवा पेटच्या तयारीला बसलेल्या बहुतेकांच्या वहीत वास्तव संख्यांचे गुणधर्म अर्ध्या पानात आटोपलेले असतात. क्रमनिरपेक्षता, साहचर्य, अविकारक, व्यस्त, वितरण. नववीत झालंय, पुढे चला! मग मुलाखतीत कुणी विचारतं, "शून्याने का भागत नाही?" आणि उत्तर येतं, "अनंत येतं म्हणून." हे उत्तर चालणार नाही. संशोधनाला बसायचं तर यातलं आपण काय मानलंय आणि काय सिद्ध केलंय, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

बेरजेचे चार गुणधर्म आणि गुणाकाराचे चार. ही दोन वेगळी घरं आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध लावून देणारा नियम एकच, वितरणाचा: अ × (ब + क) = अ × ब + अ × क. आमच्या पहूरकडचा शेतकरी एकाच भावाने आज १२ आणि उद्या ८ क्विंटल कापूस घालतो, तेव्हा दोन पावत्यांची बेरीज २० क्विंटलच्या एका पावतीएवढीच येणार, हे तो गृहीत धरतो. नियम तेवढाच. पण त्यातून काय काय निघतं बघा.

० + ० = ०. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं की वितरणाने अ × ० + अ × ० = अ × ०. दोन्हीकडून अ × ० वजा करा, उरतं अ × ० = ०. म्हणजे हा मानायचा नियम नाही, सिद्ध होणारी गोष्ट आहे. आता शून्याला गुणाकार व्यस्त क आहे असं धरा. व्यस्त म्हणून ० × क = १, आणि आत्ताच पाहिलं त्याप्रमाणे ० × क = ०. म्हणजे १ = ०, आणि मग प्रत्येक संख्याच शून्य! अनंताचा इथे संबंधच आला नाही.

याच पद्धतीने (−१) × (१ + (−१)) = ० उलगडा. ऋण गुणिले ऋण धनच का, हे एका ओळीत मिळेल.

आता जरा आपल्या जिल्ह्यातलं. चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या जन्मगावाचा वाद आपण बाजूला ठेवू. आपल्याला हवंय ते 'लीलावती'तलं एक उदाहरण: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्धं मिळवलं, ३ ने गुणलं, शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? त्यांचं उत्तर १४.

आपल्या नियमांनी हा प्रश्नच मांडता येत नाही. १४ × ० आणि ५ × ० दोन्ही शून्यच, मग परत १४ कडे यायचं कसं? पण भास्कराचार्यांची सूचना नीट वाचा. पुढे क्रिया बाकी असेल तर शून्याने गुणलेली राशी 'शून्यगुणित' म्हणून तशीच ठेवा, लगेच शून्य करू नका. शून्याच्या जागी शून्य नसलेली कुठलीही लहान संख्या ह ठेवा: गुणताना ह, भागताना ह, उत्तर दरवेळी १४. आपण याला सीमा म्हणतो. ग्रहगणितात या गणिताचा मोठा उपयोग आहे असंही ते सांगतात. मला यात चुकीपेक्षा अजून नाव न मिळालेली कल्पना जास्त दिसते.

त्यांच्या 'बीजगणिता'त करणींच्या बेरजेचं उदाहरण आहे: √२ + √८ = √१८. वर्ग करा: २ + ८ + २√१६ = १८. सोपं आहे. पण इथे आपण √२ आणि √८ साठी वितरण, क्रमनिरपेक्षता, साहचर्य सगळं बिनधास्त वापरलं. या संख्यांना ते लागू आहे हे कुणी सांगितलं?

परिमेय संख्याही हे नऊच्या नऊ गुणधर्म पाळतात, पण त्यांच्यात √२ नाहीच. म्हणजे नुसत्या या गुणधर्मांवरून वास्तव संख्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी क्रम आणि पूर्णता लागते. जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७२ च्या पुस्तिकेत म्हटलं की √२ × √३ = √६ सारखी विधानं त्यांच्या माहितीप्रमाणे तोवर खऱ्या अर्थाने सिद्ध झालीच नव्हती. १८७२! तोवर कलनशास्त्राला दोनशे वर्षं होत आली होती.

त्यांनी परिमेय संख्यांचे डावा आणि उजवा असे दोन गट पाडले आणि अशा प्रत्येक विभागणीला एक वास्तव संख्या मानलं. मग या विभागण्यांची बेरीज आणि गुणाकार ठरवायचा, आणि नवांतला एकेक गुणधर्म परिमेय संख्यांवरून सिद्ध करायचा. काम कंटाळवाणं आहे, विशेषतः ऋण संख्यांचा गुणाकार. पण एकदा तरी हाताने करून बघा. बेरजेची क्रमनिरपेक्षता दोन ओळींत होते; बेरीज व्यस्तापाशी पहिल्यांदा अडाल, कारण डावा गट नुसता उलटा करून भागत नाही. ज्या गटाला सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान संख्या आहे, तिथे आधी लक्ष द्या.