उलट आट्यांचे नट

जुन्या विलीज घडणीच्या जीपची डावी चाके खोलताना पाना नेहमीच्या उलट दिशेने ओढावा लागतो. त्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. चाक पुढे धावताना नट आपोआप सैल पडू नये, म्हणून ही रचना. हे ठाऊक नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा पान्याला लांब पाइप लावतो, सगळा भार टाकतो आणि स्टड मोडतो. बाप शेजारी असला, तर जोर लावण्याआधी स्टडचे टोक पुसून आटे कुठल्या बाजूला वळलेत ते दाखवतो. जुनी जीप दोघांनी मिळून दुरुस्त करण्यातले पहिले शिक्षण इथे होते : जोर लावण्याआधी बघायचे.

वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणाऱ्या आंजी (मोठी)सारख्या गावात हे काम व्हावे, असे मला मनापासून वाटते. जीप या मुलखाला परकी नाही. काळी-पिवळी होऊन तिने विदर्भातली गावे वर्षानुवर्षे तालुक्याला जोडली, आणि पावसाळ्यात जिथे दुसरी गाडी रुतायची त्या पांदणीतून ती निघाली. दुसरे कारण अधिक जुने आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली : मुलाने हाताने उपयोगाचे काम करावे आणि गणित, विज्ञान, भाषा त्या कामातूनच शिकावी. तेव्हा मध्यभागी चरखा होता. आज आंजीच्या एखाद्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली जीपही ते काम तितक्याच सचोटीने करू शकते.

कारण ती उघडते. आजच्या गाडीचे बॉनेट वर केले की प्लॅस्टिकची झाकणे दिसतात आणि बिघाड कळायला स्कॅनर जोडावा लागतो. जीपमध्ये कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पाइंट, कंडेन्सर, सगळे डोळ्यांपुढे असते आणि मोजक्या पान्यांनी सुटते. 1941 पासून ती रणांगणावर धावली. तिथे दुरुस्त करणारा शिपाईही वीस-बावीस वर्षांचाच असे.

भारताच्या बाजारात ती महिंद्रांनी आणली. 1945 मध्ये सुरू झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि 1948 पासून नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे लागले. माझगावात विलीज जीपची जुळणी होऊ लागली. आपल्याकडे सर्वांत जास्त रुळली ती उंच बॉनेटची सीजे-3बी. ही उंची शोभेसाठी नव्हती. तिच्या हरिकेन इंजिनात हवा-इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि त्यावर बॉनेट चढवावे लागले. अमेरिकेत 1953 मध्ये आलेले हे मॉडेल तिथे 1968 मध्ये थांबले. आपल्याकडे त्याचा वंश सीजे-340, एमएम-540 असा पुढे चालत राहिला.

या इंजिनाचे हेड उतरवले की दहावीच्या भूमितीतला महत्त्वमापनाचा धडा समोर येतो. सिलिंडरचा व्यास 3⅛ इंच, पिस्टनची धाव 4⅜ इंच. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावा, चाराने गुणा, सेंटिमीटरमध्ये आणा : साधारण 2,200 घन सेंटिमीटर. कागदपत्रांत इंजिनाची क्षमता 2,199 सीसी लिहिलेली सापडते, तेव्हा ते उत्तर मुलाचे स्वतःचे होते. पाठ केलेल्या सूत्राला हा मान कधीच मिळत नाही. लेथवाल्याकडे बोरिंगला ब्लॉक नेला की अपूर्णांकांना आणखी धार येते. तिथे बोलणेच ‘थाऊ’त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात चालते. प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमानेच का लावायच्या, हा प्रश्न मुलाने विचारेपर्यंत थांबण्याचा संयम बापाकडे असावा.

पोराचा पहिला हट्ट मात्र रंगाचा आणि रुंद टायरांचा असतो. इथे बापाने ठाम राहावे. सुरुवात ब्रेकपासून. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना तेल पुरवणारा एकच मास्टर सिलिंडर. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात, पेडल थेट तळाला टेकते. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे मागचा शाफ्ट उतरवला की तोही गेला. चाकांखाली दगडाची उटी लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली शिरू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवायची नाही, ओली करून पुसायची.

मग पत्रा. काळी माती चिकट. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत आणि चासीच्या खाचांत थापली जाते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग शाबूत असतो. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला की तो आरपार जातो. अशा जागी पुट्टी भरणे म्हणजे रोग झाकणे आहे. सडलेला तुकडा कापून नवा वेल्ड करावा. वेल्डिंग मिस्त्रीने करावे, पण आखणी मुलाला करू द्यावी.

चिखलातले कसब दोन छोट्या लिव्हरमध्ये आहे. एकाने पुढचा ॲक्सल जोडला जातो, दुसऱ्याने ताकदीचा लो गिअर पडतो. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि तो फरक सामावणारे डिफरन्शियल दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये नसते. म्हणून डांबरावर फोर-व्हील लावून वळले की गिअरांवर ताण चढतो. वावरात चाक थोडे घसरते, ताण सुटतो. हे पुस्तकात वाचून समजते, पण स्टिअरिंग जड होताना हातांना जाणवले की विसरत नाही.

बाप-लेकाच्या अशा कामाचे महाराष्ट्राला माहीत असलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे. तिथले कारागीर दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जमवून, सुमारे 60 हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. हातातले कसब नियमांच्या पुढे निघून जाते, याचा मला अभिमान वाटतो. तरी नियम समजून घेणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाने जीप सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल पालकाला 25 हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलण्याआधीही थांबावे. पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेक जीपांत डिझेल इंजिन बसवले गेले. शेतीच्या कामाला ते सोयीचे आहेच. पण जुलै 2021 पासून केंद्राचे व्हिंटेज वाहनांचे नियम लागू आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 20 हजार रुपये भरून ‘व्हीए’ क्रमांकाखाली नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली येत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे वावरात राबणारी जीप हवी की मूळ रूपातली, हे पहिला नट सोडण्याआधी दोघांनी बसून ठरवावे. 1978 ची सीजे-3बी तिच्या मूळ हरिकेन इंजिनासह आज सांभाळली, तर 2028 मध्ये ती पन्नाशीला पोहोचेल, आणि तोवर अठरा पूर्ण झाली, तर पोराकडे वर्ध्याच्या आरटीओचा पक्का परवानाही असेल.